एकट्याला मिळालेला पूर्ण न्याय

मिलच्या हजेरीपटावर वाल्मिकचं नाव कधीच नव्हतं. तिथं होता त्याचा थोरला भाऊ, नामदेव. नामदेव महूला फौजेत भरती झाला आणि कापड विणायच्या त्याच्या मागावर धाकटा वाल्मिक उभा राहिला, तो मिल बंद पडेपर्यंत. परदेशीपुऱ्याच्या मिल वस्तीत ही रीतच होती. जॉबरला, म्हणजे मुकादमाला माहीत, साहेबाला माहीत. कापड नीट निघतंय तोवर कुणाला पडलीय? अशी माणसं मिलच्या चाळीत चांगली आठ-दहा होती. शेजारचा हरी तर मामाच्या नावावर म्हातारा झाला.

नव्वदीनंतर मिलला टाळं लागलं आणि ही रीत अंगाशी आली. चाळीतल्या खोल्या फक्त कागदावरच्या कामगारांना मिळणार, बाकीच्यांनी जागा खाली करायची, असं ठरलं.

शरद वकील म्हणाले, सगळे मिळून दावा लावा. चाळीनं ऐकलं नाही.

"वकीलजी, साहेबांशी बोलायला अपुन हमेशा एकच माणूस पाठवला," हरी म्हणाला. "वाल्मिक भिया जिंकला की समझो सगळे जिंकले."

वाल्मिकही सुखावला. पुढारपण कुणाला नको असतं?

खालच्या दोन्ही कोर्टांत तो हरला. दिल्लीला सर्वोच्च न्यायालयानंही मानलं की कायदा त्याच्या बाजूनं नाही. पण इतकी वर्षं माग यानंच चालवला, हे हरीच्या साक्षीवरून दिसतं. तेव्हा घटनेच्या कलम १४२ खाली, पूर्ण न्याय व्हावा म्हणून, खोली हयातभर त्याच्याकडेच राहावी.

चाळीत पेढे वाटले गेले. मग शरद वकिलांनी निकालाची शेवटची ओळ समजावली. हा आदेश या एकाच प्रकरणापुरता, दुसऱ्या कुणाला त्याचा आधार घेता येणार नाही.

"मतलब आम्ही?" हरीनं विचारलं.

"तुम्हाला खोली सोडावी लागेल," वकील म्हणाले.

हरीचं सामान हातगाडीवर चढवताना वाल्मिकला मान वर करवेना. एवढी लाज त्याला हरतानाही वाटली नव्हती. वाल्मिकची बायको मंजुळा दारात डोळे पुसत होती.

"तू मत सोच, भिया," हरी दोरी आवळत म्हणाला. "अपुनच तर तुला पाठवला होता."

त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या, तर वाल्मिकला बरं वाटलं असतं.