मुका झालेला लॅपटॉप

दिवसभर अंधेरीच्या ऑफिसात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि बोळिंजला घरी परतल्यावर बिल्डिंगमधल्यांचे. मला या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना पेनड्राइव्हवर विंडोजची 'हलकी' कॉपी मिळाली. कुणा अनोळखी माणसाने मूळ सिस्टीममधलं त्याला नको वाटलं ते सगळं काढून इंटरनेटवर ठेवलेली. जुन्या लॅपटॉपवर ती पळायची, यात खोटं नाही. भाऊ मोकळ्या मनाचे. शेजाऱ्याला विरजण द्यावं तशी त्यांनी ती घरोघर दिली.

मी त्यांना जिन्यात सांगितलं होतं, "भाऊ, आपल्याकडे परवाना असतो तो मूळ सिस्टीमचा. अशी कापाकापी केलेली कॉपी वाटायला कायद्याने परवानगी नाही. शिवाय अपडेट काढलेत, व्हायरसपासूनची राखण काढलीय, आत काय घातलंय ते देव जाणे. त्यावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार."

"ताई, तू फार घाबरवतेस यार. पोलीस काय पेनड्राइव्ह शोधत फिरतायत?"

हातातली भाजीची पिशवी जड होती. मी घरी गेले.

माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये निवृत्त शिक्षक काका एकटे राहतात. त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, हे बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत होतं. त्यांच्या पुण्यातल्या मुलाला कळलं असतं तर त्याने त्यांना उचलून नेलं असतं, प्रेमानेच, आणि काकांना त्याचीच धास्ती. लॅपटॉपमधला वाचून दाखवणारा आवाज मी त्यांना लावून दिला होता. आवाज हिंदी वळणाच्या बाईचा, तिला 'ळ' जमत नाही. भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं, "कावळा गं बाई, कावला नव्हे!" शिक्षक माणूस, यंत्रालासुद्धा सोडत नाही. स्वयंपाक करता करता मला ते ऐकायला फार आवडायचं.

एका शनिवारी भिंतीपलीकडे काहीच वाजेना. गेले, तर काका मांडीवर लॅपटॉप घेऊन नुसते बसलेले. मी कामावर असताना भाऊंनी तो 'फास्ट' करून दिला होता.

"नको म्हणायचं ना, काका!"

"काय कारण सांगू? त्याने समोर धरला, म्हणाला, बघा किती मस्त. मी म्हटलं, वा, छान दिसतंय."

संतापाने मला रडू यायला लागलं. त्या कॉपीतून वाचणारी बाई मुळापासून उपटून टाकली होती. कुणाला तरी ते फुकटचं ओझं वाटलं असणार.

रविवारी मी मूळ सिस्टीम परत टाकायला बसले. तेवढ्यात भाऊ आले. खरं कारण सांगणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी पुन्हा कायद्यावर बोट ठेवलं. ते दुखावले. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला त्यांनी तिथेच माझ्याविरुद्ध मेसेज लिहिला आणि फोन काकांच्या हातात दिला. "काका, तुम्हीच वाचा. चुकीचं लिहिलंय का?"

काकांनी फोन डोळ्यांसमोर धरला. इकडे भाऊ मला सुनावत होते, लोकांचं फुकट भलं झालेलं मला बघवत नाही म्हणून. फोनची स्क्रीन आपोआप विझली. काका त्या काळ्या काचेकडे मन लावून बघत होते.

"बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले. "पण तिला असं बोलू नये रे."

भाऊंनी फोनकडे बघितलं, मग काकांकडे. फोन परत घेतला, मेसेज पुसला आणि खुर्ची ओढून बसले. सगळं होईपर्यंत ते उठले नाहीत. लॅपटॉप पूर्वीसारखाच रडतखडत सुरू झाला, पण बोलला. काकांनी लगेच बाईला तिच्या 'ळ'वरून झापलं. भाऊ जमिनीकडे बघत राहिले.

जिन्यात त्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून?"

"ते त्यांना विचारा. आणि मुलाला फोन करू नका, हात जोडते."

"नाही करत." ते पायरीवरच थांबले. "मला काय लागतं तेवढंच बघितलं गं मी. स्पीड बघितला."

मी मान हलवली. मला घरी जाऊन नुसतं पडायचं होतं.

"खालच्या आजींना पण दिलीय ती. त्या काय वापरतात, मी विचारलंच नाही." खिशातला पेनड्राइव्ह ते चाचपत होते. "आणि अजून कुणाकुणाला दिली, ते आता मला आठवत पण नाही."