सगुणाबाईंनी आधी झोप विचारली

सगुणाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला ताठ उभे राहता येत नव्हते. लढाईचे दिवस होते. भिंगारला एका ठेकेदाराच्या गोदामात मी पेट्या उचलण्याच्या कामावर होतो. एके सकाळी कंबर अशी धरली की दोघांच्या आधाराने मला दवाखान्यात न्यावे लागले. सगुणाबाई तिथे नर्स होत्या.

त्यांनी कंबर चाचपून पाहिली, शेक सांगितला आणि विचारले, "झोप लागते का?"

दुखणे कंबरेचे आणि चौकशी झोपेची, हे मला उमगेना. सोबत माझी पत्नी होती. तीच म्हणाली, "म्हैना झाला बाई, ह्यांचा डोळा लागत न्हाई. काम जाईल म्हून लई धास्ती घेतलीया."

ते खरे होते. पाळी दिवसाची की रात्रीची हे आम्हाला आयत्या वेळी कळे, आणि जरा कोणी रेंगाळला की मुकादम त्याला घरी बसवी. त्याच आठवड्यात आमच्या टोळीतले आणखी चौघे कंबर धरून आले. बाईंनी त्यांनाही झोपेचेच विचारले. उत्तर तेच मिळाले.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः गोदामात आल्या. पाळ्या ठरवून द्या आणि आजाऱ्याला कामावरून काढू नका, एवढेच त्यांनी ठेकेदारांना सांगितले. ठेकेदार चिडले. डॉक्टरांकडे तुमची तक्रार करीन, म्हणाले.

"जरूर करा," बाई म्हणाल्या. "पण ही माणसे भीतीने जागी राहिली तर माझ्या औषधाने त्यांची कंबर बरी होणार नाही."

तक्रार झाली. आठवडाभर बाईंची नोकरी राहते की जाते, कळत नव्हते. डॉक्टर मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि अखेर ठेकेदारांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. ते कळले त्या संध्याकाळी मी जेवून आडवा झालो, तो पत्नीने हलवले तेव्हा अंगणात ऊन आले होते. कंबर सुटायला पुढे दोन महिने लागले, पण मनावरचे ओझे त्याच दिवशी उतरले.

घोडेगावच्या बाजारातून मी बाईंसाठी एक कोंबडी आणली. त्यांनी ती माझ्या अशक्त लेकीला दिली आणि अंडी विकाल तर याद राखा, असा दम भरला.

आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आम्ही पाचही जण धडधाकट आहोत, कमावून खात आहोत. देवाने बाईंना निरोगी शंभर वर्षे द्यावीत, आणि त्यांचा दम ऐकायला आम्हालाही तोवर ठेवावे.