देवकामावशींचा माणूस

देवकामावशी प्लॅटफॉर्म तिकीट काढायच्या. आमच्या स्टेशनावर ते काढणाऱ्या त्या एकट्याच. मलकापूरच्या पट्ट्यातलं हे बारकं स्टेशन. एखाददुसरी पॅसेंजर थांबते, बाकीच्या गाड्या धूळ उडवून निघून जातात. इथे गाडीत बसणारेही तिकिटाची चैन करत नाहीत, तर फलाटावर नुसतं उभं राहायला कोण तिकीट काढतो? मी नवाच बुकिंग क्लार्क. विचारलं, "मावशी, कुणाला घ्यायला आलात?"

"घ्यायले नाही, भाऊ. भेटाले. आमचा मानूस हाय इथं."

खिडकीतून मान काढून पाहिलं, तर फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळामागे कमरेएवढा काळा दगड आहे, त्याच्यापाशी त्या जाऊन बसल्या होत्या. त्या दगडावर हमाल टॉवेल वाळत घालायचे. मी स्वतः त्यावर डबा ठेवून हात धुवायचो. त्या दिवशी पहिल्यांदा त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली. या भागातून पहिल्या महायुद्धावर गेलेल्या शिपायांची ती आठवण होती. नाव मात्र एकाचंही नव्हतं.

मावशींच्या नवऱ्याचा आजा रोहिणखेडकडून पायी येऊन याच फलाटावरून पलटणीत गेला, तो परतलाच नाही. त्याची बायको, म्हणजे मावशींची आजेसासू, हातात काठी येईपर्यंत इथे यायची आणि नव्या नातसुनेला, म्हणजे मावशींना, सोबत आणायची. ती गेली, पुढे मावशींचा नवराही गेला. मुलगा पुण्यात. तो म्हणायचा, दगडाचा फोटो काढून घरात लाव. "फोटोसंगं काय बोलू मी?" हा मावशींचा सवाल. दगडाशी मात्र त्या खुशाल बोलायच्या. "आबाजी, तुमची खापरपणती नर्स झाली. मांगची भिंत पडली, पुन्हा बांधून घेतली. घरात आता मी एकलीच." मला आधी हसू यायचं. मग हळूहळू येईनासं झालं. मीही बदलीच्या गावात एकटाच राहत होतो. दिवसभर खिडकीशी माणसं यायची, पण त्यातलं बोलायला कुणी नव्हतं.

मग स्टेशनाचं नूतनीकरण निघालं. नवी फरशी थेट दगडापर्यंत आली. मी वरच्या कचेरीत बोलून पाहिलं. असा दगड आहे हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ठेकेदार म्हणाला, उद्या फोडतो. तेव्हा आमच्या चहावाल्या गजाननने शक्कल लढवली. दगडाला शेंदूर फासला, हार घातला, नारळ फोडला. झाला मारुती! सकाळी ठेकेदार आला, चपला काढून पाया पडला आणि फरशीची ओळ दगडाला वळसा घालून पुढे नेली. दोन दिवसांत उदबत्त्या लागल्या, हमालांनी टॉवेल उचलले. गजानन नुसता हवेत होता.

पुढच्या खेपेला मावशी आल्या आणि दगडासमोर उभ्याच राहिल्या. बसल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गजू, थोडं तेल दे बाप्पा." मारुतीला तेल वाहणार असं समजून गजानन मोठ्या हौसेने भज्यांच्या तेलाची वाटी घेऊन आला. मावशींनी पदराचं टोक त्यात बुडवलं आणि शेंदूर पुसायला लागल्या.

"ओ मावशी! काऊन पुसून राह्यल्या? तोडतीन ना त्याले!" गजानन ओरडला.

"तोडू दे."

मीही धावत गेलो. म्हटलं, "मावशी, आपल्याला ठाऊक आहे ना तो कोण आहे? लोकांना म्हणू दे देव. दगड तर वाचतोय."

"दगड वाचते, भाऊ. मानूस जाते." त्यांचा हात थांबला नाही. "आमच्या घरानं बाबासाहेबाच्या मांगं जाऊन देव सोडले. आता घरचाच मानूस देव करू का?"

लोक जमले, कुरकुरले. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात धरायला कुणी धजावलं नाही. दोन दिवसांनी ठेकेदाराने दगड फोडून खडी केली आणि फरशीखाली घातली. मी खिडकीतून घणाचे घाव ऐकत होतो. मला मावशींचा फार राग आला होता.

महिन्याभराने त्या आल्या. नव्या गुळगुळीत फरशीवर, नळाजवळ, पिशवी धरून उभ्या राहिल्या. बसायचं कुठे हेच त्यांना कळेना. मला राहवलं नाही. म्हटलं, "शेंदूर राहू दिला असता, तर आज दगड असता."

"असता ना. अन् मी त्याच्या पाया पडून घरी गेली असती." त्या रुळांकडे पाहत राहिल्या. "माही आजेसासू इथं काय करे, मालूम हाय? शिव्या दे त्याले. पोटभर. काऊन गेला, मले कोनाच्या भरवशावर सोडलं, म्हने. रडे अन् शिव्या दे. देवाले देता येतात का अशा शिव्या?"

मोताळ्याकडे जाणारी एसटी फाटकाशी येऊन थांबली होती. मावशी सावकाश चालत गेल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत.