तासभराचा वास

परभणीच्या स्टँडसमोरचा रसवाला प्रत्येक मोसंबी सोलण्याआधी हुंगतो आणि स्वतःशीच "भारी हाय" म्हणतो. काल मी त्याच्यापुढं माझं मनगट धरलं. त्यावर मोसंबीच्या वासाचं महागडं उन्हाळी अत्तर होतं. नमुन्याची कुपी मिळाली होती, बाटली घ्यावी का ते ठरत नव्हतं.

त्यानं डोळे मिटले. "माझ्या हातावानीच हाय की, सर!"

"पण तासाभरात उडून जातं," मी कुरकुरलो.

"दिवाळीनंतर आमी ऊसतोडीला जातो. पोरगी आजीपाशी ऱ्हाती. माझा हात हुंगल्याबिगर झोपत न्हाई ती. लेकराला झोपायला तासभर लय झाला."

मी कुपी त्याच्या हातावर ठेवली. बाटली घ्यायचंही तेव्हाच ठरलं.

कुपी मात्र त्यानं हुंगली नाही. वास सरेल म्हणून मूठ घट्ट मिटली.