ताणा सैल करायची खूण

पहिले बाळंतपण माहेरी, हा आमच्या घरात न बोलता ठरलेला नियम होता. माझे माहेर बारडोलीला. वडील तिथल्या साखर कारखान्यात. सातव्या महिन्यात ओटी भरून सुनेला तिकडे पाठवायचे, यापलीकडे सासूबाईंनी कसला विचारच केला नव्हता. मला मात्र सुरतेच्या गोडादऱ्यात, घरापासून चालत जाता येईल अशा प्रसूतिगृहात बाळंत व्हायचे होते आणि त्या वेळी नवरा जवळ हवा होता. थोरल्या बहिणीचे बाळंतपण मी दाराबाहेरून ऐकले होते. आत तिच्याशी बोलणारे ओळखीचे कोणीही नव्हते. मी रसायनशास्त्राची पदवीधर, एका डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत कामाला. टाळता येणारी चूक पुन्हा घडू देणे मला मान्य नव्हते.

"तठे माणूसनं काय काम शे व?" सासूबाई म्हणाल्या. सुरतेत इतकी वर्षे काढूनही त्यांची घरातली अहिराणी तसूभर हलली नव्हती.

"हात धरायला कोणी हवं ना, आत्या."

"हात धराले मी नही का?"

रक्त पाहिले की त्यांना घेरी येई, हे घरात सर्वांना ठाऊक होते, त्यांनाही.

प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाईंनी नुकतीच एक सवलत देऊ केली होती. तिथे बाळंतपणे करण्यात मुरलेल्या सिस्टरबेन रविवारी सकाळी जोडप्यांचा वर्ग घेत. त्यात जो नवरा तयार होईल, त्याला प्रसूतीच्या खोलीत प्रवेश. पण तयारी झाली की नाही, हे डॉक्टरबाई स्वतः तपासणार. सासूबाईंनी त्यावर आपली अट चढवली: तो नापास झाला, तर मी निमूटपणे बारडोलीची बस धरायची. मी कबूल केले. पास होणे हा माझ्या लेखी अभ्यासाचा प्रश्न होता, नशिबाचा नव्हे.

पहिला वर्ग साफ फसला. बहुतेक नवरे यंत्रमागाच्या कारखान्यांतले, ज्यांना सुरतेत खाते म्हणतात. रात्रपाळी सुटली की तसेच येऊन बसलेले, केसांत कापसासारखी तंतूंची भुरभुर. माझे यजमानही अशाच एका खात्यात मेकॅनिक. सिस्टरबेन हलक्या आवाजात गुजराती-हिंदी मिसळून समजावत होत्या: कळ आली की बाई अंग आवळते, तिचे खांदे, जबडा सैल करवा, लांब फुंकर घालायला लावा, कळ ओसरली की पाणी द्या, कंबर चोळा. सगळे पुरुष गंभीरपणे माना डोलावत होते.

"बोलो भाई, कळ आवे त्यारे शुं करवानुं?"

"हा, बेन."

"अने पाणी क्यारे आपवानुं? कब देना?"

"हा, बेन."

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. सिस्टरबेनचा चेहरा उतरला. "आ बध्धा, सगळेच, हा-बेन!" त्या म्हणाल्या. "मस्करी करायला येतात का इथे?"

मस्करी नव्हे, हे मला जाणवले. पण जाणवणे हा पुरावा नसतो. घरी जाताना मी मुद्दाम दोन पावले मागे राहिले आणि नेहमीच्या आवाजात "अहो" म्हटले. ते चालतच राहिले. मग पुढे होऊन नुसती बोटे हलवली, तर लगेच थांबून म्हणाले, "काय गं?"

लूमच्या खडखडाटात रात्र काढलेले कान सकाळी बधिर असतात. साहेब काय म्हणतो ते ऐकू आले नाही, तर मान डोलवावी, हीही त्या खात्याचीच शिकवण. तिथे माणसे बोलत नाहीत, हातांनी सांगतात. धाग्याची तार तुटली, थांब. ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट झाला आहे, सैल कर. माग चालू कर. ताका, म्हणजे विणलेल्या कापडाचा गठ्ठा, पुरा झाला, उतरव. मी हे जेवताना वर्षानुवर्षे पाहत होते. मीठ मागायलाही आमच्याकडे कोणी तोंड उघडत नसे.

पुढच्या रविवारी मी सिस्टरबेनना माझा निष्कर्ष सांगितला. त्यांनी पुरुषांसमोर जाऊन हात उंचावला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत विचारले, "लूम पर 'ढीला करो' कैसे बोलते हो?"

वर्ग जागा झाला. माझ्या यजमानांनी तळहात खाली करून बोटे हळूहळू पसरली. परभणीकडचा एकजण उसळून म्हणाला, "छ्या! आमच्या खात्यात असं केलं म्हणजे 'शेठ आला'!"

"मग कळ आली की तुझी बायको शेठला शोधंल," त्याची बायको म्हणाली.

भांडून, हसून, शेवटी प्रत्येक गोष्टीला सर्वांची एक खूण ठरली. खांदे सैल सोडण्याला ताणा सैल करायची. जोर लावण्याला माग चालू करायची. जोर थांबवण्याला तार तुटल्याची. सिस्टरबेननी प्रत्येकाकडून त्या करून घेतल्या आणि आम्हा बायकांना खूण दिसताच अंग सोडायचा सराव दिला.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरबाई चटईवर बसल्या, मुठी आवळल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "मी तुमची बायको. कळ आली आहे. आता?" आणि खरोखरच ओरडल्या. यजमानांनी समोर गुडघे टेकून तळहात खाली केला, बोटे पसरली आणि स्वतः लांब फुंकर सोडली. डॉक्टरबाईंचा आवाज मध्येच विरला.

"अरेच्चा," त्या म्हणाल्या, "माझे खांदे खाली आले की!"

बारडोलीची बस माझ्याविना गेली.

प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई इतकी किंचाळत होती, की सिस्टरबेनचे शब्द माझ्यापर्यंत पोचेनात. माझे सर्व वाचन कुठल्या कुठे गेले. पण समोर तो हात होता. बोटे पसरली, मी श्वास सोडला. तार तुटली, मी थांबले. मग सिस्टरबेननी मान हलवली आणि यजमानांनी माग चालू केला. मी जोर लावला. मुलगी झाली, तिचे रडणे मात्र त्या गोंगाटातही स्वच्छ ऐकू आले.

दाराच्या काचेपलीकडे सासूबाई उभ्या होत्या. तरुणपणी त्यांनी खात्यात बॉबिनी भरल्या होत्या. यजमानांनी वळून दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गुंडाळले आणि अलगद उचलून घेतले: ताका उतरला. सासूबाईंनी ते पाहिले, कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला आणि लगेच काचेवर टकटक करून मला बोटे पसरून दाखवली. सैल. आता सैल सोड.

महिन्याभराने शेजारची सून त्या वर्गाला निघाली. तिचा नवरा पारावर पत्ते पिसत बसला होता.

"ऊठ रे," सासूबाई त्याच्या हातातले पत्ते काढून घेत म्हणाल्या. "तठे माणूसनं काम शे."