गिरदावराचा शेरा

वडिलांचं तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी आईला रोज सकाळी एक खोटं सांगू लागले. "येऊन गेला," एवढंच. ते ऐकलं की ती कप हातात घ्यायची, चार घोट चहा प्यायची, अर्धी पोळी खायची. मग मला तिची साखरेची गोळी देता यायची. उपाशीपोटी ती गोळी द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाहुणे होते तोवर आत्या तिला दटावून भरवायची. आता घरात आम्ही दोघीच होतो आणि मला दटावणं जमत नव्हतं.

येऊन जायचा तो बगळा. पडेगावच्या रस्त्याला आमचं लहानसं घर, मागं पेरूची तीन झाडं आणि सिमेंटचा एक हौद. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून वडिलांनी तो बांधून घेतलेला. डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे सोडले होते आणि त्या माशांच्या मागावर हा पक्षी यायचा. मातकट, मान खांद्यात ओढून उभा राहणारा. उडाला की मात्र एकदम पांढरा. मी ग्रंथालयात कामाला होते. पुस्तकात बघून मी सांगितलं, की याला वंचक म्हणतात. वडिलांना ते पटलं नाही.

"वंचक कशानं? उघड उघड उभा राहतो की. गिरदावर आहे तो."

पोलीस ॲक्शननंतर लगेचच वडील तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले होते. गावोगाव फिरून उभी पिकं तपासणारा निजामाच्या वेळचा गिरदावर पुढं कागदोपत्री दुसऱ्या नावाचा झाला, पण वडिलांच्या तोंडी तो तसाच राहिला. बगळा हौदाच्या कठड्यावर अर्धा अर्धा तास हलायचा नाही. "पाहणी चालू आहे," वडील हळूच म्हणायचे. उडताना तो घशातून एक घोगरा आवाज काढायचा. "मारला शेरा," म्हणत वडील उठायचे, आणि मगच ते आणि आई चहा घ्यायचे. आईचे गुडघे दुखायचे, ती मागच्या पायऱ्या उतरायची नाही. स्वयंपाकघरातूनच विचारायची, "आला का गिरदावर?"

दहाव्याला आत्या गंगापूरहून नातवंडांना घेऊन आली होती. "ह्या लेकरांना घडीची उसंत नाय. आधी हौद झाक बाई," ती म्हणाली. पोपटांपासून पेरू वाचवायला आणलेली नायलॉनची जाळी मी हौदावर ताणली आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. लेकरं गेली, जाळी राहिली. बगळा येईना तो जाळीमुळे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटत होतं, घरातलं माणूस गेलं हे त्याला कळलंय. इतकी पुस्तकं वाचून मी असा विचार करत होते.

नवव्या सकाळी मी मागं गेले तेव्हा एका कोपऱ्यावरची वीट पाण्यात पडली होती. जाळी लोंबत होती आणि तिच्यात तो होता. एक पाय आणि एक पंख गुंतलेला, छाती पाण्यात. धडपडून थकला असावा. नुसता पिवळा डोळा माझ्यावर रोखून होता.

"आला का?" आतून आईनं विचारलं.

"आला," मी म्हणाले. त्या नऊ दिवसांत पहिल्यांदाच खरं बोलत होते, आणि माझा आवाज चिरकला.

मी हात घातला तशी त्यानं मनगटावर चोच मारली. रक्त आलं. त्यानं पुन्हा झटका दिला आणि धागा आणखी आवळला गेला. मी भिंतीवरून शेजारच्या चाचांना हाक मारली. ते कबुतरं पाळायचे. ते आले, वाकून बघितलं.

"हल्लू, बेटा. नजीक नक्को जाव. आँखों पे मारता ये. पैले मुंडी ढाँकना पडता. कपडा लाव कुछ."

मी वळले तर आई शेवटच्या पायरीवर, भिंतीला धरून उभी. ती कधी उतरली, मला कळलं नाही. तिच्या हातात कात्री होती आणि वडिलांची शाल. द्यायच्या कपड्यांच्या गाठोड्यातली. त्या गाठोड्याकडं तिनं तेराव्यापासून बघितलंही नव्हतं.

"ही घाल त्याच्यावर."

डोकं झाकलं तसा तो निपचित पडला. चाचांनी दोन्ही पाय धरले, मी शालीसकट अंग धरलं. आई कठड्यावर बसली आणि चष्मा सारखा करून एकेक धागा कापू लागली. मला शालीतून त्याचं काळीज लागत होतं. इतक्या जोरात, की मोजता येत नव्हतं.

"जल्दी करो भाभी. डर से बी मर जाते ये."

"घाई केली तर पाय तुटेल, भाईजान. तुम्ही धरा नीट."

एक धागा कातडीत रुतला होता. तिनं कात्रीचं टोक त्याखाली सरकवलं, थांबली, श्वास घेतला, कापला. मग दुसरा.

त्याला कठड्यावर ठेवून मी शाल काढली. तो एक पाय पोटाशी घेऊन उभा राहिला. मग खालून, पेरूच्या फांद्यांखालून उडाला आणि भिंतीपलीकडं गेला. आवाज न करता.

आई ओली शाल पिळत होती. "आजही शेरा नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "आधीचे आठ दिवस आलाच नव्हता."

"मग चहा का घेत होतीस?"

"तू कप घेऊन उभी राहायचीस. मी घेईपर्यंत हलायची नाहीस."

चाचांनी जाळी गुंडाळून काखेत मारली. "ये मेरे कने रहने दो," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या सकाळी तिनं विचारलं, "आला का?"

"नाही," मी म्हणाले आणि वाट बघत राहिले. तिनं कप ओढून घेतला. "उद्या बघू. पोळी दे."

असे बारा दिवस. तेवढ्या दिवसांत तिनं खुर्ची मागच्या दारात आणून ठेवली होती. तेराव्या दिवशी तो भिंतीवर उतरला, कठड्यावर आला, एक पाय पोटाशी घेऊन उभा राहिला. बगळे एरवीही तसेच उभे राहतात. पाय बरा झाला की कायमचा गेला, हे कळायला मार्ग नव्हता. आम्ही दोघी त्याचा दुसरा पाय खाली येतो का, ते बघत बसलो. त्यानं तो खाली टेकला नाही. एक मासा उचलला, आणखी थोडा उभा राहिला आणि उडाला. पेरूंच्या वर गेल्यावर घशातून तो घोगरा आवाज आला.

"मारला शेरा," आई म्हणाली.

चहा केव्हाच निवला होता. मी तो पुन्हा गरम करायला आत गेले.