उन्हं उतरल्यावरची सडक

शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात वैशाखात मयत झाली की उन्हं उतरल्याशिवाय तिरडी उचलत नसत. खांदेकरी आणि मडकं धरणारा अनवाणी चालायचे, म्हणून ही सोय. स्मशानाची वाट मातीची होती तोवर ते बरोबरच होतं. फुफाटा भाजतो, पण तापतो वरचाच थर. सूर्य कलला की तो लवकर निवतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला त्या वाटेवर डांबरी सडक झाली. डांबरात घट्ट बसलेली खडी दिवसभराचं ऊन खोलवर मुरवून घेते आणि सांजेला पायांना परत देत बसते. तिन्हीसांजेला त्या सडकेवर कुत्रंसुद्धा टेकत नसे. हे बठ्ठ्यांना, अख्ख्या गावाला दिसत होतं, पण रीत कोण बदलणार?

आई गेली ती अशाच एका वैशाखात, सकाळी. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शुगर होती आणि तळपायांची जाणीव पार गेलेली. काटा रुतला तर रक्त दिसल्यावर कळायचं. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातही अनवाणी फिरू नका, जखम चिघळली तर पाय कापावा लागेल. त्या दिवशी मला आईपेक्षा त्यांच्या पायांचाच घोर लागला होता, आणि त्याचीच चीड येत होती.

मडकं मी धरायचं ठरलं होतं. तिरडी उठताना नानांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. मी त्यांच्यापुढे चप्पल ठेवली, थोरल्या काकांनी समजावलं. नानांनी ती पायानेच बाजूला सारली. चार लोकांत बापाशी काय वाद घालणार? मी खांद्याला लागलो.

सडकेवर पहिलं पाऊल पडलं आणि चटक्याची कळ थेट टाळूत गेली. आम्ही चौघे खांदेकरी कडेची माती शोधत सरकत होतो, तिरडी हेलकावे खात होती. नाना मात्र मधोमध, एका चालीने. मागे लोक बोलत होते, काय छातीचा माणूस आहे म्हणून. त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. मी दोनदा ओरडून नानांना कडेने चालायला सांगितलं. पण मडकं धरणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. ते चालत राहिले.

स्मशानातून परतल्यावर दारात पायांवर पाणी घालतात. आत्या तांब्या घेऊन आली, नानांच्या पायांवर पाणी ओतलं आणि मटकन खालीच बसली. दोन्ही तळव्यांची कातडी सुटून लोंबत होती. काका जीप बघायला पळाले.

नाना ओट्यावर टेकले. पाय मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तळवा बघत राहिले. दिवसभर त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुनी माय गयी रे," ते म्हणाले, "आनि मना पाय बी दुखनात नहीत."